तीन भोकं आणि तीन ठिगळं

तुर्भ्याच्या वस्तीत आम्ही राहायचो तेव्हा घरातली सगळ्यात मोठी वस्तू म्हणजे पाण्याचा ड्रम. कपाट नव्हतं, पलंग नव्हता. पत्र्याची एक खोली, तिच्यात तीन माणसं आणि तो ड्रम. पाणी एक दिवस आड यायचं, तेही तासभर. ज्याच्या घरी ड्रम त्याची आंघोळ, ज्याच्याकडे नाही त्याने हंडे-कळश्या घेऊन रांगेत भांडत बसायचं. आमच्याकडे ड्रम होता, कारण अप्पा ड्रम धुवायच्या यार्डात कामाला होते.

यार्ड म्हणजे कारखान्यांच्या मागचं एक मोकळं आवार. कारखान्यांतून रिकामे निळे ड्रम टेम्पोने यायचे. त्यात गरम पाणी, सोडा आणि ओंजळभर खडी टाकून ते जमिनीवर गडगडवायचे, मग उलटे घालून वाळवायचे आणि विकायचे. आधी कारखान्यांना माल भरायला, आणि जे उरतील ते वस्त्यांमध्ये, पाणी साठवायला. ड्रम आला की पहिलं काम म्हणजे त्याचं लेबल खरवडून काढणं. कोरा ड्रम चांगला विकला जातो. त्यात आधी काय होतं हे विचारायची कुणाला गरज वाटत नव्हती. स्वच्छ झाला का एवढंच बघायचं, आणि ते बघायची रीत एकच. ड्रममध्ये तोंड घालायचं आणि नाकाने जोरात श्वास घ्यायचा.

मी चौथीत असताना अप्पांनी एक ड्रम आणला. त्याला पिकल्या केळ्यासारखा गोड वास यायचा. आळीतल्या बायका येऊन वास घेऊन गेल्या. शेजारची मावशी म्हणाली, "बाई बाई, सरबताचा हाय की गं! तुमचं नशीब बघा." आई आठवडाभर त्या ड्रमला असा हात लावायची की जणू पितळेचा आहे. सगळ्यांना वाटलं, ज्याला गोड वास तो खाण्याच्या वस्तूचा. उग्र वासाचे ड्रम लोक टाळायचे, गोड वासाच्या ड्रमसाठी भांडायचे.

त्या उन्हाळ्यात माझ्या तोंडात फोड आले. जीभ, गाल, घसा. भात गिळता येईना. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी दोन वेळा औषध बदललं आणि तिसऱ्या वेळी विचारलं, पाणी कुठलं पिता? आईने सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "तो ड्रम आजच्या आज घराबाहेर काढा." अप्पांनी तो त्याच संध्याकाळी यार्डात परत नेला. पुढची दोन वर्षं आमच्याकडे ड्रम नव्हता. अप्पा ड्रमच्याच यार्डात आणि आई हंडे घेऊन रांगेत. वस्तीत त्यावरून टोमणे पण खूप झाले.

मी शिकले. ते सोपं नव्हतं, पण त्याची कहाणी सांगत बसत नाही. आई मार्केटात कांदा निवडायला जायची, ती म्हणायची, तू फक्त पुस्तक धर, बाकी मी बघते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. मी रसायनशास्त्र घेतलं, आणि हौसेने घेतलं. दुसऱ्या वर्षाला प्रयोगशाळेत एका बाटलीचं बूच काढलं आणि माझा हात थांबला. तोच वास. पिकलं केळं. सरांना विचारलं, हे कशाला वापरतात? म्हणाले, रंग-पॉलिश पातळ करायला, कारखान्यात पिंपं भरून येतं. माझ्या तोंडातले फोड नेमके ह्याच्यामुळे आले की ड्रमच्या तळाशी आणखी काही होतं, ते मी आजही छातीठोक सांगू शकत नाही. पण तो ड्रम सरबताचा नव्हता, हे मला त्या दिवशी कळलं. घरी येऊन मी हे आईला सांगितलं, अप्पांना नाही. त्यांना वाईट वाटेल असं वाटलं.

आता माझं काम सांगते, कारण पुष्कळांना ते कळत नाही. मी छोट्या कारखान्यांना सांगते की धंदा कसा करावा म्हणजे माती, पाणी आणि कामगार यांची वाट लागणार नाही आणि धंदाही टिकेल. कार्डावर त्याला लांबलचक इंग्रजी नाव आहे. तुर्भ्यातले मालक मला "झाडंवाली मॅडम" म्हणतात. केबिनमध्ये शिरले की पहिला प्रश्न ठरलेला, "मॅडम, या वर्षी कुठली झाडं लावायची?" मी म्हणते, झाडं नंतर, आधी तुमचं मागचं गेट दाखवा. पुढच्या गेटवर कुंड्या असतात, बोर्ड असतो, गणपतीचा फोटो असतो. कारखान्याचं खरं काय ते मागच्या गेटला कळतं. तिथं गाळ कुठे टाकतात, नाल्याच्या पाण्याचा रंग काय, रिकामा माल कोण घेऊन जातो. ही अक्कल मला कुठल्या कोर्समध्ये मिळालेली नाही. मी मागच्या गेटच्या बाजूलाच मोठी झाले आहे.

तर एक गोंदाचा कारखाना होता. फर्निचर चिकटवायचा पांढरा गोंद बनवायचा. मालक खारघरचे, आता आम्ही राहतो त्याच सेक्टरमधले, चाळिशीतले, बोलायला तोंडाळ पण मनाने सरळ. त्यांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे फर्निचर बनवून परदेशी पाठवणारी एक कंपनी. त्या कंपनीने लिहून विचारलं, तुमचे ड्रम रिकामे झाल्यावर कुठे जातात? ते माणसांच्या घरात जात नाहीत याची खात्री द्या. नाही तर आम्ही दुसरीकडून गोंद घेऊ.

मालकांनी मला बोलावलं. मी मागच्या गेटला गेले. छोट्या गिऱ्हाइकांकडून परत आलेले गोंदाचे रिकामे ड्रम ज्या टेम्पोत चढत होते तो टेम्पो मी ओळखला. अप्पांच्या यार्डाचा.

मी त्याच दिवशी उपाय लिहून दिला. कारखान्यातून बाहेर पडायच्या आधी प्रत्येक ड्रमला, बुडापासून वीतभर उंचीवर, तीन बाजूंनी तीन भोकं पाडा. ड्रिलने, रुपयाच्या नाण्याएवढी. भोक पडलेल्या ड्रममध्ये पाणी राहणार नाही, म्हणजे कुणी घरात ठेवणार नाही. मालक खूश. "एक नंबर! एवढं साधं कुणी सांगितलंच नाही." मी पण खूश होते. खोटं का बोलू, खूप खूश होते.

घरी जेवताना अप्पांना सांगितलं. तेव्हा आम्ही खारघरला राहायला आलो होतो, पण अप्पा अजून रोज बसने तुर्भ्याला यार्डात जायचे. सवयीने आणि हट्टाने. ते तिथे मुकादम झाले होते, हाताखाली दहा माणसं, त्यातल्या सात बाया.

"भोकं पाडायची?" ते म्हणाले.

"हो."

"मग आमी काय धुवायचं?"

"अप्पा, तुकडे करून विकता येतात. प्लास्टिकचे दाणे करणारे घेतात."

"तुकडे करायला दोन माणसं लागत्यात. बाकीची आठ?"

मी सांगितलं, त्यांच्यासाठी बघू काहीतरी. अप्पांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि आमटीत बुडवत म्हणाले, "तू शिकलेली हायस बाय. तुला कळत असंल." आई मध्ये पडली, "कुचकं बोलू नका." ते म्हणाले, "मी कुठं कुचकं बोललो? तिला कळत असंल असंच म्हणलं."

संक्रांतीनंतर जुन्या शेजारच्या मावशीने हळदीकुंकवाला बोलावलं. तीच, सरबतवाली. मावशी अजून तुर्भ्यातच, खोलीला आता वर स्लॅब पडला आहे. मी संध्याकाळी ऑफिसमधून सरळ तिच्याकडे गेले. दारात बायकांच्या चपला, आत तिळगुळाचा वास, कुणीतरी कुणाच्या तरी सुनेवर बोलत होतं. मावशीने मला हळदीकुंकू लावलं, हातावर तिळगुळ ठेवला, वाण म्हणून प्लास्टिकचा डबा दिला आणि म्हणाली, "बस, पानी देते. लय मोठी बाई झालीस, उभ्या-उभ्या निघू नकोस."

दाराशी नवा निळा ड्रम होता. त्यालाही हळदीकुंकवाची बोटं लावली होती, सणाला घरातल्या नव्या वस्तूला लावतात तशी. मावशीने त्यातून तांब्या बुडवला. मी ग्लास हातात घेतला आणि माझी नजर खाली गेली. बुडापासून वीतभर उंचीवर गोल ठिगळ. रुपयाच्या नाण्याएवढं. ड्रमच्या पलीकडे वाकून बघितलं. दुसरं. तिसरंही असणारच, ते भिंतीकडे होतं.

"मावशी, हे काय?"

"ठिगळं व्हय? भोकं पडलेला ड्रम होता. तुज्याच बापानं बुजवलीत. प्लास्टिक वितळवून असं बसवलंय की थेंब गळत न्हाई. बघ की हात लावून."

मी हात लावला. सुंदर काम होतं. कड सुद्धा घासून गुळगुळीत केली होती.

"मावशी, यातलं पाणी पिऊ नका."

मावशीने कमरेवर हात ठेवला. "ये शाने, मला काय येडी समजतीस? तुज्या बापाला इचारूनच घेतला. ही बघ खूण." तिने झाकण उचलून ड्रमच्या काठाखाली बोट ठेवलं. तिथे तापल्या सळईने ओढलेली एक आडवी रेघ होती. "एक खूण हाय. एक खूण म्हंजे साधा, गोंदाचा. दोन म्हंजे सोड्यानं दोन डाव धुवायचा. तीन खुणांचा ड्रम तुजा बाप कुणाच्या बापाला देत न्हाई. आख्ख्या वस्तीला म्हाईत हाय. तुला न्हाई म्हाईत?"

एक म्हातारी हसली. "तिला कसं असंल, ती खारगरला ऱ्हाती." सगळ्या हसल्या. मला हसू आलं नाही. मी पाणी न पिता निघाले, आणि मावशीने त्याचा राग धरला, तो बरेच दिवस होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अप्पांबरोबरच यार्डात गेले. यार्डात बाया कामाला लागल्या होत्या, सोड्याचं गरम पाणी बादल्यांनी ओतत होत्या. यार्डाचे मालक खुर्ची टाकून बसले होते. ते जासईचे, जुन्या शेतकरी घराण्यातले, साठी उलटलेले, मला लहानपणापासून ओळखणारे. मी त्यांना काकाच म्हणते.

मी अप्पांना विचारलं, ठिगळं का लावली. चिडूनच विचारलं.

"गिऱ्हाइकानं मागितला ड्रम. धा मान्सांचं काम चालू ठेवायचं होतं," ते शांतपणे म्हणाले. "गोंदाचाच तर हाय. तीन खुणांचा न्हाई दिला."

"आणि ह्या खुणा कधीपासून?"

त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. एक ड्रम आडवा केला आणि काठ पुसला. "तुज्या तोंडाला फोड आलं तवापासनं. लेबल खरवडायच्या आधी मी टेम्पोवाल्याला इचारतो, कुठल्या कारखान्याचा, काय होतं आत. मंग खूण करतो. वासावर भरवसा न्हाई. गोड वास लय फसवतो." मग म्हणाले, "आता तर मला वासच येत न्हाई. आईनं फोडणी जाळली तरी कळत न्हाई. बायांना सांगून ठेवलंय, तीन खुणांच्या ड्रममदी तोंड घालायचं न्हाई."

कॉलेजमध्ये मला जे एका बाटलीवरून कळलं, ते अप्पांना माझ्या आधी दहा वर्षं ठाऊक होतं. मी त्यांना वाईट वाटेल म्हणून सांगितलं नव्हतं. आणि त्यांनी मला सांगितलं नव्हतं, कदाचित त्याच कारणाने.

पण गोष्ट तेवढ्यावर थांबणार नव्हती. पुढच्याच आठवड्यात फर्निचर कंपनीचे लोक तपासणीला येणार होते. भोकं बुजवलेला एक ड्रम त्यांना वस्तीत दिसला असता तर गोंदाच्या कारखान्याचं गिऱ्हाईक गेलं असतं. कारखान्याने यार्डाला माल देणं बंद केलं असतं, आणि यार्डाला निम्म्याहून जास्त माल त्याच कारखान्याचा होता. दहा माणसं घरी. आणि त्याला कारण मी, माझी तीन भोकं.

गप्प बसता आलं असतं. मी बसले नाही. गोंदाच्या मालकांना जाऊन सगळं सांगितलं, ठिगळं कुणी लावली हेसुद्धा.

"तुमच्या वडिलांनी?" ते उठून उभेच राहिले. "मॅडम, हे तर भारीच झालं! भोकं पाडायला लेक, बुजवायला बाप. मी मध्ये कोण, ड्रिलचा खर्च करणारा?"

"बरोबर आहे. चूक माझी आहे. मी ड्रमचं बघितलं, माणसांचं नाही बघितलं."

"आता काय करायचं ते बोला. टेन्शन नका देऊ."

मी म्हटलं, ड्रमला भोक पाडू नका आणि विकूही नका. तो तुमचाच राहू दे. यार्डात फक्त धुवायला पाठवा आणि परत घ्या, परत त्यातच गोंद भरा. तुमचा गोंद पाण्यात विरघळणारा आहे, धुतल्याचं पहिलं पाणी म्हणजे पातळ गोंदच. ते कॅनमध्ये भरून परत आणा आणि गोंदाच्या पुढच्या घाण्यात पाण्याच्या जागी वापरा. नाल्यात काही जाणार नाही. फर्निचरवाल्यांना सांगा, रिकामे ड्रम त्यांनीही टेम्पोने परत पाठवायचे. ड्रम फिरत राहील, घरात जाणारच नाही.

"आणि तुमचे वडील परत वस्तीत देणार नाहीत कशावरून?"

"लेबल काढायचं नाही. आणि त्यांच्या खुणा राहतील. तपासणीवाल्यांना कारखान्यात नका आणू, यार्डात आणा."

"यार्डात? तो चिखल दाखवायचा त्यांना?"

"तोच दाखवायचा."

त्यांनी कपाळावर हात मारला. मग म्हणाले, "तुमच्या डोक्याला काय झालंय का, माहीत नाही. पण तुम्ही येऊन खरं सांगितलंत, म्हणून ऐकतोय. एकदा."

यार्डाच्या काकांना पटवणं जास्त अवघड गेलं. ड्रम विकायचे नाहीत, नुसते धुवायचे, हे त्यांच्या पचनी पडेना. "मंग मी काय धोबी हाय काय? लोकांचं धुवून परत द्याचं?" अप्पांनी तिथल्या तिथे सांगितलं, "मालक, धोब्याचं गिऱ्हाईक परत येतं. भंगारवाल्याचं येत न्हाई." काका खो खो हसले आणि म्हणाले, "हा तुमचा बाप आमच्या यार्डात फुकट गेला. याला तुमच्या ऑफिसात बसवा."

तपासणीला दोघे आले. एक बाई, माझ्याच वयाची, आणि एक गृहस्थ तोंडाला मास्क लावून. बाईने चपलांसकट चिखलात पाय घातला आणि तिथेच मला ती आवडली. तिने अप्पांना विचारलं, कुठल्या ड्रममध्ये काय होतं हे तुम्हाला कसं कळतं? अप्पांनी खुणा दाखवल्या. तिला विश्वास बसला नाही. तिने रांगेत फिरून स्वतः एक ड्रम निवडला, त्यावर दोन खुणा होत्या. "ह्यात काय होतं?"

अप्पांनी काठावर अंगठा फिरवला. "साबणाच्या कारखान्याचा. गेल्या मंगळवारी आला, दुपारच्या टेम्पोनं. तीस होते, एकाला तडा होता."

तिने टेम्पोवाल्याची पावती मागितली. काकांनी खुर्चीखालच्या डब्यातून पावत्यांचा गठ्ठा काढला. मंगळवार, साबण, तीस, एक तडकलेला. मास्कवाल्या गृहस्थांनी मास्क खाली केला आणि पहिल्यांदा अप्पांना नमस्कार केला. मी बाजूला उभी होते. मी बोलायची गरजच नव्हती.

त्यांनी लगेच होकार दिला नाही. आधी काही महिने बघू म्हणाले. त्या महिन्यांत मी आठवड्यातून दोनदा यार्डात जायचे. हातमोजे आणले, तर बायांना ते मोठे झाले. लहान आणले, तर त्या म्हणाल्या घाम येतो. शेवटी एकीने सुचवलं की आत जुन्या सुती साडीची पट्टी गुंडाळायची, मग चालले. पहिल्या धुण्याचं पाणी कॅनमध्ये भरायला त्या कंटाळायच्या. गोंदवाल्यांनी तेच पाणी घाण्यात ओतताना एकदा त्यांना कारखान्यात नेऊन दाखवलं. तेव्हापासून कॅन भरलेले असायचे. एकदा एका नव्या माणसाने सवयीने लेबल खरवडलं, तर बायांनीच त्याला पूर्ण दुपार टोमणे मारून बेजार केलं.

तीन खुणांच्या ड्रमचं काय करायचं, हा प्रश्न अप्पांनीच सोडवला. ते धुवायचेच नाहीत. यार्डातच उभे कापायचे आणि कारखान्याच्या पावतीवर दाणे करणाऱ्याकडे पाठवायचे. आणि वस्तीला तर ड्रम लागतातच, पाणी अजूनही चोवीस तास येत नाही. त्यासाठी काकांनी लोणच्याच्या एका कारखान्याशी बोलून त्यांचे मिठाच्या पाण्याचे ड्रम वेगळे ठेवले, लेबलासकट. मावशीला पहिला तसला ड्रम मी स्वतः नेऊन दिला. तिने वास घेतला आणि म्हणाली, "आता म्हैनाभर चहाला कैरीचा वास येनार." मग मला आत बोलावून चहा दिला. राग गेला होता.

ठिगळांचा ड्रम तिने परत दिला नाही. त्यात आता कढीपत्ता लावला आहे. मला ते चालतं.

अप्पा गेल्या वर्षी थांबले. घरी बसून आईला फोडणीबद्दल विचारत असतात, जळली का, म्हणून. खुणा करायचं काम आता यार्डातली एक बाई करते. अप्पांनी तिला शिकवलं, आणि ती लिहिते पण, वहीत, तारखेसकट.

गोंदाच्या कारखान्याचं गिऱ्हाईक टिकलं. त्याच्यानंतर आणखी चार कारखाने ड्रम धुवून परत घ्यायला लागले. यार्डातली दहाच्या दहा माणसं कामावर आहेत. आणि त्या यार्डातून रसायनाचा एकही ड्रम आता कुणाच्या घरात पाणी भरायला जात नाही.